झोप आणि भूक

झोप ही निसर्गाने माणसाला दिलेली सर्वांत समतेची देणगी आहे, असे म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. राजा परांच्या गादीवर निजतो आणि हमाल आपल्या हातगाडीवर. पण एकदा डोळे मिटले की दोघांच्याही मालकीचे काही उरत नाही, म्हणून दोघेही सारखेच श्रीमंत! वचन ऐकायला मोठे गोड आहे. मात्र ज्याने ते प्रथम उच्चारले त्याची निजायची खोली बहुधा वाड्याच्या मागल्या चौकात असावी. रस्त्याच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर, एखाद्या भटारखान्याच्या डोक्यावर ती खासच नव्हती. भुकेविषयीही आपण असेच बोलतो. पण या दोन समतावादी देवता एकाच इमारतीत, एक वर आणि एक खाली अशा बिऱ्हाड करून राहिल्या, म्हणजे त्यांच्यात जो तंटा लागतो तो तोडताना भल्याभल्यांची मती गुंग होते.

असा एक तंटा गेले काही महिने आमच्या इमारतीत चालू आहे. आम्ही राहतो परळात. तळमजल्यावर एक पार्सलचे दुकान आहे. आत बसून खायला जागा नाही. पुढे एक फळी, बाजूला गल्ला, मागे दोन शेगड्या आणि वर पोटमाळा. चपाती-भाजी, डाळ-खिचडी, अंडाभुर्जी, पाव, चहा. डब्यात भरून द्यायचे आणि गिऱ्हाइकाने चालू लागायचे. दुकान आजवर रात्री अकराला बंद होत असे. आता मालकाला ते दोनपर्यंत उघडे ठेवायचे आहे. त्याच्या बाजूने एक अर्ज फिरतो आहे आणि त्याच्या विरुद्ध दुसरा. दोन्ही अर्ज माझ्या घरी येऊन गेले. दोन्हींवर सही करावी असे दोन्हींत बरेच काही आहे, आणि हीच खरी अडचण आहे.

विरोधाच्या अर्जाची भाषा सरकारी आहे; ‘सदर दुकानामुळे रहिवाशांच्या स्वास्थ्यास बाधा पोहोचत असून’ वगैरे. पण त्या भाषेमागची माणसे माझ्या ओळखीची आहेत. दुकानाच्या नेमक्या डोक्यावर एक आजी राहतात. या वयातली त्यांची झोप म्हणजे पाखराची झोप. एकदा उडाली की पुन्हा फांदीवर बसत नाही. त्यांच्या शेजारी एक बसचालक राहतात. पहिल्या पाळीसाठी त्यांना पहाटे चारला उठावे लागते. दोनला शटर खाली आले, भांडी घासून अडीच झाले, तर त्यांच्या वाट्याला दीड तास उरतो. आणि मग दिवसभर पन्नास-साठ माणसांचा जीव त्यांच्या दोन हातांत. म्हणजे ही झोप त्यांच्या एकट्याची नाही. तिच्यात त्या बसमधल्या प्रत्येक उतारूचा वाटा आहे, आणि त्याला ते ठाऊकही नाही.

अनुकूल अर्जावरच्या सह्या इमारतीतल्या थोड्या आणि बाहेरच्याच फार. आमच्या जवळच केईएम रुग्णालय आहे, १९२६ सालापासूनचे. टाटा स्मारक रुग्णालय आहे, १९४१ सालापासूनचे. साऱ्या देशातून माणसे इथे आपली दुखणी घेऊन येतात. रोग्याबरोबर आलेल्यांपैकी ज्यांना कोठे आसरा मिळत नाही ते पदपथावर पथारी पसरतात. रात्री बाराला शस्त्रक्रियागृहाचे दार उघडते, ‘ठीक आहे’ एवढे दोन शब्द कानी पडतात, आणि मग त्या माणसाला आठवते की आपण सकाळपासून काही खाल्लेले नाही. त्याच वेळी परिचारिकांची मधली सुट्टी होते, पहारेकरी पाय मोकळे करायला निघतात, रस्ते झाडणारे कामाला लागण्याआधी चहा शोधतात. यांच्यातल्याच एका परिचारिकेने सहीचा कागद माझ्यापुढे धरून विचारले, ‘‘काका, आम्ही रात्रभर जागतो ते तुम्हांला चालतं. मग आम्ही रात्री खाल्लेलं का चालत नाही?’’

या प्रश्नाला मी त्या वेळी काही उत्तर दिले नाही. देता आले असते असेही नाही.

झोपेची बाजू मांडणाऱ्याची एक मोठी पंचाईत असते. भूक बोलू शकते. ती रांगेत उभी राहते, हात पुढे करते, पैसे मोजते. झोपेला आपली कैफियत स्वतः मांडता येत नाही. ती मांडण्यासाठी आधी जागे व्हावे लागते, आणि जागा झालेला माणूस हा झोपेचा वकील नव्हे, तिचा वारस असतो. दुकानाला गिऱ्हाईक किती आले हे गल्ला सांगतो. किती जणांची झोप मोडली याची नोंद कोठल्याच वहीत होत नाही. शिवाय झोप साठवून ठेवता येत नाही, उसनी आणता येत नाही. आणि डोळ्यांना जशा पापण्या दिल्या तशा कानांना द्यायला विधाता विसरला, त्यामुळे निजलेल्या माणसाचे कान पहाऱ्यावरच असतात. माणूस जागा झाला नाही तरी मोठ्या आवाजासरशी त्याचे काळीज जलद चालू लागते, असे वैद्यकशास्त्र सांगते. ‘‘तुम्ही खिडकी लावून घ्या’’ हा सल्ला आमच्या सभेत एकाने दिला. ज्यांच्याकडे वातानुकूलन यंत्र आहे त्यांना तो परवडतो. बाकीच्यांना तो ऑक्टोबरच्या उकाड्यात वाऱ्यावर बसवलेला कर आहे.

प्रश्न अडला की आपण कायद्याकडे धाव घेतो, मीही घेतली. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रात्र म्हणजे दहा ते सहा. या वेळात निवासी भागात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल, व्यापारी भागात ५५. आता आमची इमारत कमरेखाली व्यापारी आणि कमरेवर निवासी! दहा डेसिबलांचा हा फरक कागदावर लहान दिसतो, पण या मोजपट्टीवर दहा वाढले की ध्वनीची तीव्रता दसपट होते आणि कानाला तो आवाज सुमारे दुप्पट वाटतो. दोन माणसे हातभर अंतरावरून नेहमीसारखी बोलत असली तरी काटा साठीच्या आसपास जातो. म्हणजे नियम अक्षरशः पाळायचा तर खिडकीखाली उभे राहून ‘‘एक खिचडी द्या’’ असे म्हणणेही संकटाचेच.

दुकानाच्या वेळांचा कायदा वेगळा. १९४८ सालच्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्यात उघडण्याच्या नि बंद करण्याच्या वेळा बांधलेल्या होत्या. २०१७ च्या नव्या कायद्याने ते बंधन सैल झाले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने पुन्हा स्पष्ट केले की मद्याची ठिकाणे सोडून इतर दुकाने चोवीस तास उघडी ठेवायला हरकत नाही. म्हणजे दार उघडे ठेवण्याचा हक्क एका कायद्याने दिलेला आणि आवाज न करण्याचे बंधन दुसऱ्याने घातलेले.

याहून वर, राज्यघटनेपर्यंत गेलो, तर तेथे गंमतच आहे. जगण्याचा हक्क सांगणारे एकविसावे कलम. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या आधारे सांगितले की आपल्या जागेत केलेला आवाज जर बाहेर जाऊन शेजाऱ्याला उपद्रव देत असेल, तर तसा आवाज करण्याचा हक्क कोणालाही नाही. २०१२ साली रामलीला मैदानाच्या प्रकरणात झोप हाही त्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला गेला. परंतु त्याच कलमातून १९८५ साली, आपल्याच मुंबईतल्या पदपथावरच्या रहिवाशांच्या खटल्यात, पोट भरण्याचे साधन हाही जगण्याचा भाग आहे असे ठरले होते. आजींची झोप आणि दुकानदाराची चूल ही एकाच कलमाची दोन लेकरे. आई दोघांनाही आपलेच म्हणते. भांडण मात्र दोघांनी आपसांत मिटवायचे!

‘पूर्वी असे नव्हते, पूर्वी रात्री शांतता असे’ असे आमच्याकडचे काही लोक म्हणतात. परळ-लालबागच्या बाबतीत हे म्हणणे टिकायचे नाही. हा सारा गिरणगाव. इथल्या गिरण्या तीन पाळ्यांत चालत. एकेका खोलीत इतकी माणसे राहत की एक पाळीला निघाला की दुसरा त्याच्या जागेवर आडवा होई. खानावळी चालवणाऱ्या बायांची चूल पाळीच्या वेळेवर पेटे आणि पाळीच्या वेळेवर विझे. त्या बायांना संघटित करण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि बघता बघता गिरण्यांची रात्र संपली. आज आपण जिला इथली मूळची शांतता म्हणतो ती पुष्कळ अंशी संपानंतरची शांतता आहे.

त्या काळच्या भोंग्याविषयी मी जुन्या लोकांकडून पुष्कळ ऐकले आहे. तो काही ४५ डेसिबलांत वाजत नसे. पण त्याची तक्रार घेऊन कोणी गेल्याचे ऐकिवात नाही. याचे कारण त्या वेळचे लोक सोशिक होते एवढेच नसावे. भोंग्यात त्यांचा वाटा होता. तो वाजला म्हणजे कोणाच्या तरी घरी पगार येणार होता. तो एके दिवशी वाजेनासा झाला तेव्हा सगळ्या चाळी दचकून जाग्या झाल्या. आवाजाचा त्रास केवळ त्याच्या मोठेपणावर अवलंबून नसतो. त्या आवाजाशी आपले नाते काय, यावरही तो असतो. स्वतःच्या नातवाचे रडणे आणि शेजारच्या मोटारीचा कर्णा यंत्राने मोजले तर कदाचित सारखेच भरतील. कोणतेही यंत्र नाते मोजत नाही, म्हणून केवळ आकड्यांनी हा प्रश्न सुटत नाही.

दिवाळीच्या अंकाला शोभेल असा एक मिठाईवाल्याचा खटला इंग्लंडच्या कायद्यात प्रसिद्ध आहे. लंडनला विगमोर स्ट्रीटवर एक मिठाईवाला होता. वीस वर्षांहून अधिक काळ त्याच्या मागच्या खोलीत मोठमोठे खल-बत्ते चालत आणि कोणाचे काही बिघडत नव्हते. मग शेजारी एक डॉक्टर राहायला आला. त्याने आपल्या बागेच्या टोकाला, नेमके त्या खोलीच्या भिंतीला लागून, रोगी तपासायची खोली बांधली. आता बत्ता पडला की डॉक्टरला रोग्याच्या छातीतले ठोके ऐकू येईनात! खटला झाला. १८७९ साली अपिलाच्या न्यायालयाने डॉक्टरच्या बाजूने निकाल दिला. त्याच वेळी न्यायाधीशांनी असेही म्हटले की जी गोष्ट श्रीमंतांच्या बेलग्रेव्ह स्क्वेअरमध्ये उपद्रव ठरेल ती कारखानदारीच्या बर्मंड्सीत ठरेलच असे नाही. हे वाक्य वाचून मी थोडा अस्वस्थ झालो. परळ कोणत्या यादीत? मलबार हिलच्या माणसाची झोप आणि परळच्या माणसाची झोप यांची वजने वेगवेगळी, असे तर यातून निघत नाही ना?

रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९६० साली हाच खटला पुढे घेऊन एक विलक्षण गोष्ट दाखवली. आपण म्हणतो, मिठाईवाला डॉक्टरचे नुकसान करतो, त्याला कसे आवरावे? कोस म्हणतो, नुकसान दोन्ही बाजूंनी होते. बत्ता बंद केला तर डॉक्टर मिठाईवाल्याचे नुकसान करतो. म्हणून खरा प्रश्न हा की, दोहोंपैकी कोणते नुकसान होऊ द्यावे. आणि दोघांना बसून बिनखर्चाची घासाघीस करता आली, तर न्यायालयाने हक्क कोणालाही दिला तरी ज्याला त्या जागेची किंमत जास्त तो दुसऱ्याला पैसे देऊन ती मिळवील. या मनुष्याला पुढे १९९१ साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि ते उगीच मिळाले नाही. त्याच्या पहिल्या विधानाने माझे डोळे उघडले. दुकान अकराला बंद झाले म्हणजे ‘काही घडले नाही’ असे नसते. कोणीतरी उपाशी पदपथावर निजते. ते आपल्या खिडकीतून दिसत नाही, इतकेच.

पण घासाघिशीची गोष्ट मला आमच्या जिन्यावरून वर नेता आली नाही. दुकानदार तीन तासांत जे मिळवील त्यातून तो आजींना काही देऊ करील, आणि आजींची गरज मोठी, म्हणून त्या थोडक्यात राजी होतील. यावरून त्यांच्या झोपेची किंमत थोडी होती असे ठरेल काय? ठरेल ते एवढेच, की त्यांचे पेन्शन थोडे होते. बसचालकाला तर ही झोप विकण्याचा अधिकारच नाही. ती उतारूंचीही आहे. आणि रोग्याच्या नातेवाइकाने कोणाशी घासाघीस करावी? तो उद्या आपल्या गावी जाणार, त्याच्या जागी दुसरा येणार. भूक तीच, माणूस रोज नवा. प्रत्यक्षात अशा घासाघिशीलाच मोठा खर्च पडतो, हे कोसनेही मान्य केले होते; त्याच्या नावावर सौदे करणारे मात्र ते विसरतात.

मग एक सोपी वाट सुचते. गरजेच्या भुकेला रात्री वाढावे, चैनीच्या भुकेला नाही म्हणावे. परिचारिकेला खिचडी द्यावी, सिनेमाहून आलेल्या टोळक्याला घरी पाठवावे. मीही काही दिवस असाच विचार करीत होतो. पण रांगेकडे नीट पाहिले की ही वाट बंद होते. फळीपुढे दोघेही सारखेच उभे असतात. टोळक्यातला एखादा पोरगा दिवसभर उपाशी असेल. त्याची चौकशी करणारा मी कोण? आणि दुःखी माणसे शांत असतात हाही आपला गैरसमज आहे. एके रात्री एक गृहस्थ आमच्या खिडकीखाली उभे राहून गावाकडे दूरध्वनीवर अक्षरशः ओरडत होते. पलीकडच्याला ऐकू येत नसावे. शस्त्रक्रिया नीट पार पडली, पोर शुद्धीवर आले, आईला सांगा, एवढेच ते पुनःपुन्हा सांगत होते. वरून कोणीतरी ‘‘अहो, हळू’’ म्हणण्यासाठी खिडकी उघडली आणि तशीच मिटून घेतली.

गेल्या काही वर्षांत या धंद्यात एक बदल झाला आहे आणि नीतीच्या दृष्टीने तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पूर्वी खाणारा आणि त्याच्या खाण्याचा आवाज ही दोन्ही एकाच जागी असत. आता दुकानापुढे जी गर्दी होते ती पुष्कळशी खाणाऱ्यांची नसते; ती डबे पोचवणाऱ्या मोटारसायकलस्वारांची असते. खाणारा दूर कोठेतरी एकतिसाव्या मजल्यावर, काचेच्या बंद खिडकीआड, बोटाने एक खूण करून बसलेला असतो. त्याच्या गल्लीतली रात्र शाबूत राहते. इंजिने इथे धडधडतात, घंट्या इथे वाजतात, ‘‘माझी ऑर्डर झाली का?’’ हा पुकारा इथे होतो. स्वारांना दोष देण्यात अर्थ नाही. तेही पोटासाठीच रात्र जाळतात. पण पैसे खाणारा देतो, नफा दुकानदार घेतो, धावाधाव स्वार करतो आणि जागरण मात्र ज्यांनी घासही घेतला नाही त्या आजींना घडते. खाणाऱ्याला आजी दिसत नाहीत. दिसल्या असत्या, तर तो वाईट माणूस आहे असे मानण्याचे मला काही कारण नाही. कदाचित त्याने फळांवर भागवले असते.

आणि एक माणूस दोन्ही अर्जांत नाही. तो म्हणजे चपात्या लाटणारा. दुकानात चार माणसे काम करतात आणि त्याच पोटमाळ्यावर झोपतात. सकाळी सहाला चहाची शेगडी पेटते. रात्री दोनला दुकान बंद झाले तर यांच्या झोपेचा हिशेब करायला पाटीसुद्धा नको. २०१७ चा कायदा झाला तेव्हा त्याने दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती, पण ती दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी. चौघांची झोप त्या चाळणीतून खाली पडते. विरोधी अर्ज म्हणतो रहिवाशांना झोप हवी. पोटमाळ्यावर राहणारा हा रहिवासी नव्हे काय? अनुकूल अर्ज म्हणतो रात्री काम करणाऱ्यांना अन्न हवे. ते अन्न शिजवणारा रात्री काम करणारा नव्हे काय? दोन्ही बाजू त्याच्या नावाने बोलू शकल्या असत्या. दोघांनाही तो सुचला नाही.

सरकारने २०२० च्या जानेवारीत मुंबईची रात्र खुली केली तेव्हा ती अनिवासी भागांतल्या, स्वतःचे आवार असलेल्या मॉलना आणि गिरण्यांच्या आवारांना केली होती. झोपणाऱ्यांपासून जागणाऱ्यांना दूर ठेवावे हे तत्त्व चांगलेच आहे. पण रुग्णालये मॉलमध्ये नसतात. गरजेची भूक जेथे लागते तेथेच नेमकी वस्ती असते. इंदूरच्या सराफ्याची आठवण इथे पुष्कळांना होईल. होळकरांच्या त्या शहरात दिवसा सोन्याचांदीची दुकाने आणि ती बंद झाल्यावर त्यांच्याच पायऱ्यांपुढे रात्री उशिरापर्यंत खाण्याची जत्रा. एकाच रस्त्याची दोन पाळ्यांत वाटणी. अलीकडे तेथेही गर्दीच्या आणि गॅसच्या सिलिंडरांच्या तक्रारी सराफांनीच केल्या आहेत. अशी वाटणी एकदा करून कायमची होत नाही. ती पुनःपुन्हा करावी लागते.

शेवटी मी आजींनाच विचारायला गेलो. त्यांचे नाव विरोधी अर्जावर सर्वांत वर आहे, पण तो अर्ज त्यांना कोणी वाचून दाखवला नव्हता. त्या म्हणाल्या, ‘‘अकराला बंद होतं म्हणून मी अकरापर्यंत नुसती पडून असते. मग लागतो डोळा. एकला बंद होणार असेल तर एकपर्यंत पडेन. पण नक्की बंद कधी होणार ते मला सांगा. आणि सांगितलं की तसंच करा.’’ न्यायालयांच्या निकालांत आणि अर्थशास्त्राच्या ग्रंथांत मला न सापडलेली गोष्ट त्यांनी सहज सांगितली. आवाज सहन होतो. त्याचा शेवट कोणाच्या तरी लहरीवर आहे, हे सहन होत नाही.

तेव्हा मी दोन्ही अर्ज परत केले आणि एक तिसरा कागद लिहिला. दुकान एकपर्यंत चालावे. शेवटची लोकलही त्याच सुमारास जाते, म्हणजे शहराने स्वतःला घालून घेतलेलीच ती मर्यादा आहे. अकरानंतर तवा आणि कढई नाही; खिचडी, चपाती आणि चहा गरम करून ठेवलेले असावे. भांडी सकाळी घासावीत. अकरानंतर दूरच्या मागण्या घेऊ नयेत. जो स्वतःच्या पायांनी फळीपर्यंत येईल त्याला द्यावे. हा शेवटचा नियम मला फार मोलाचा वाटतो. यात कोणाची भूक खरी नि कोणाची खोटी हे ठरवावे लागत नाही. जो पायी येतो त्याला निदान वरच्या अंधाऱ्या खिडक्या दिसतात. रात्रीच्या पाळीला दुसरी माणसे नेमावीत आणि तीन महिन्यांनी सर्वांनी पुन्हा बसावे.

मालकाने कागद वाचला आणि सरळ सांगितले, ‘‘साहेब, पायी येणाऱ्यांच्या खिचडीवर माझं विजेचं बिलसुद्धा निघत नाही. नफा त्या मोटारसायकलींत आहे. वर दोन माणसं जास्त म्हणता, त्यांचा पगार?’’ तो खोटे बोलत नव्हता. इथे प्रश्न त्याच्या गल्ल्यातून उठून आमच्या दारात येतो. रात्री जागणाऱ्याला घास मिळावा हे जर चांगले काम असेल, तर त्याचा सारा भार एकट्या आजींच्या झोपेवर टाकणे जसे अन्यायाचे, तसाच तो एकट्या दुकानदाराच्या नफ्यावर टाकणेही. म्हणून कागदाच्या शेवटी मी एक कलम वाढवले: रात्रीच्या दोन तासांची तूट इमारतीतल्या बिऱ्हाडांनी थोड्याथोड्या वर्गणीने भरून द्यावी. गणपतीच्या ध्वनिक्षेपकासाठी आपण वर्गणी देतोच. आणि नियमही वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत, सणासुदीला, मध्यरात्रीपर्यंत तो वाजवण्याची सवलत देऊ शकतो. चिटणीस म्हणाले, ‘‘आपली झोप मोडायची आणि वर पैसेही आपणच द्यायचे?’’ ऐकायला हे खरोखरच उलटे वाटते. पण रात्री दुखणे उठले तर रुग्णालयात कोणीतरी जागे असेल या भरवशावरच आपण निजतो. त्या जागणाऱ्याचा आपल्यावर काही हिशेब निघतो की नाही?

कोजागिरीला आम्ही सारे गच्चीवर बारा वाजेपर्यंत जागे होतो. पोरांचा गलका होता, पेट्या होत्या, आटीव दूध होते. कोणी तक्रार केली नाही, कारण ज्याची झोप मोडली त्याच्याही हातात पेला होता. ‘कोण जागे आहे?’ असे विचारत लक्ष्मी त्या रात्री फिरते म्हणतात. तिने खरेच फेरी मारली असेल तर गच्चीवर येण्याआधी तिला ती फळी लागली असेल, पुढे रुग्णालयाचा दरवाजा लागला असेल, पदपथावरच्या पथाऱ्या लागल्या असतील. आता नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण उटणे लावून न्हाऊ तेव्हाही ही माणसे जागीच असतील, फक्त त्यांचे जागरण आदल्या रात्रीचे असेल.

सभा दिवाळीनंतरच्या रविवारी आहे. तिसरा कागद मी घेऊन जाणार आहे. वर्गणीचे कलम बहुतेकांना मान्य नाही, आणि ते काढून टाका असा आग्रह मला रोज होतो आहे. ते काढले तर कागदावर पुष्कळ सह्या होतील आणि दुकान अकराला बंद होत राहील. म्हणून ते मी तसेच ठेवले आहे. आजवर त्यावर दोन सह्या आहेत. एक माझी आणि एक, थरथरत्या अक्षरात, पहिल्या मजल्यावरची.